बाकी २५६ : संगणकाची परीक्षा संगणकावरच घेण्याचा इतिहास

१/
डिसेंबर १९९४. अमेरिकेत आणि युरोपात घरांतल्या, कचेऱ्यांतल्या, विद्यापीठांतल्या संगणकांवर माणसे एकच गणित करून पाहत होती. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचे, आलेल्या भागाकाराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणायचे आणि तो गुणाकार मूळ संख्येतून वजा करायचा. बाकी शून्य उरली पाहिजे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. काही यंत्रांवर मात्र ती २५६ उरत होती. ही परीक्षा घेण्यासाठी कुठलेही उपकरण विकत आणावे लागत नव्हते की पेटीचे स्क्रू काढावे लागत नव्हते. विंडोजसोबत आलेला कॅल्क्युलेटर किंवा एक्सेलचा एक रकाना पुरेसा होता.

संगणक कसा लहान होत गेला, वेगवान होत गेला, स्वस्त होत गेला, याच्या कथा विपुल आहेत. यंत्र धड आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कसा सरकत गेला, ही कथा त्या मानाने उपेक्षित राहिली. हा धागा तिच्याविषयी.

२/
आरंभी हा प्रश्न निर्माणच होत नव्हता, कारण यंत्र बांधणारे, चालवणारे आणि दुरुस्त करणारे एकाच खोलीत वावरत. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्यांतली एखादी दर दिवसा-दोन दिवसांनी निकामी होई. या यंत्रासाठी आज्ञावली रचण्याचे काम सहा स्त्रियांकडे होते : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांच्या हाती मार्गदर्शक पुस्तिका नव्हती. यंत्राच्या रचनेच्या आकृत्या पुढ्यात ठेवून त्या यंत्र शिकल्या, आणि त्यामुळेच बिघाड नेमका कोणत्या नळीपाशी आहे हे ओळखण्यात त्या अभियंत्यांच्या बरोबरीला आल्या. उद्घाटनाच्या सोहळ्यात त्यांची नावे घेतली गेली नाहीत, हा वेगळा आणि पुरेसा लाजिरवाणा विषय.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅकही निर्वात नळ्यांच्याच पिढीतला. तिथेही यंत्राची नाडी ओळखणारे वैद्य आणि यंत्राचे जन्मदाते एकाच संस्थेत होते.

३/
पहिला दुरावा निर्माण झाला तो एकच महाग यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याच्या पद्धतीमुळे. १९६० च्या दशकात विद्यापीठांतून ही व्यवस्था रुळली. वापरणारा दूर कुठेतरी टर्मिनलसमोर बसलेला. यंत्रावरचे लुकलुकणारे दिवे त्याला दिसत नसत. उत्तर यायला उशीर झाला तर यंत्र बिघडले आहे, की आपल्यापुढे रांग मोठी आहे, हे त्याला कसे कळावे? यातून यंत्रावरचा भार आकड्यात सांगण्याची गरज पडली. टेनेक्स या कार्यप्रणालीत ‘लोड ॲव्हरेज’ नावाचा आकडा होता, म्हणजे प्रोसेसरसाठी सरासरी किती कामे ताटकळत आहेत याचा हिशेब. जुलै १९७३ मधल्या अशा आकड्यांचा आलेख इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या दस्तऐवजांत जतन झालेला आहे. १९८४ मध्ये विल्यम लफेव्हर यांनी युनिक्ससाठी ‘टॉप’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. सर्वाधिक वेळ खाणारी कामे तो क्रमाने वर आणून दाखवतो. आजही लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये ही तीन अक्षरे टंकली, की चाळीस वर्षांपूर्वीचीच ती यादी समोर उभी राहते.

४/
घरगुती संगणकाने वेगळी वाट धरली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेला आयबीएम पीसी बटण दाबताच आधी स्वतःकडे पाही. बायॉसमध्ये कायमची कोरलेली एक तपासणी असे, तिचे नाव ‘पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट’, संक्षेपाने पोस्ट. प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड यांची हजेरी घ्यायची आणि सारे ठीक असल्यास एकदा ‘बीप’ वाजवायचे. कीबोर्ड सापडला नाही तर पडद्यावर ३०१ हा आकडा उमटे. कीबोर्ड नाही हे सांगून झाल्यावर पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचेच बटण दाबण्याची सूचना पुढच्या काही यंत्रांवर येई, आणि त्या विनोदावर संगणकवाल्यांची एक पिढी पोसली गेली.

पोस्ट हजेरी घेते. अभ्यास तपासत नाही. रॅम जागेवर आहे का, हे ती सांगते. यंत्र पुरेसे वेगवान आहे का, किंवा त्याची उत्तरे बरोबर येतात का, हे तिच्या कक्षेबाहेरचे. वेगाची भूक बाहेरच्या प्रोग्रामांनी भागवली. पीटर नॉर्टन यांच्या युटिलिटी संचातला एक प्रोग्राम मूळ आयबीएम पीसीचा वेग १ मानून आपल्या यंत्राचा गुणांक सांगे. हा गुणांक नंतर विक्रेत्यांच्या जाहिरातींतही झळकू लागला. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ३.१ आणि मग एमएस-डॉस ६ बरोबर ‘एमएसडी’ हे निदान-साधन दिले, परंतु ते यंत्रात काय काय आहे याची यादी देऊन थांबे.

५/
आता पुन्हा १९९४ कडे. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करीत होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा, दोनाच्या फरकाने येणाऱ्या जोड्या. या साऱ्यांच्या व्यस्तांची बेरीज एका ठरावीक मर्यादेकडे जाते, आणि ती मर्यादा जास्तीत जास्त दशांश स्थळांपर्यंत काढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. अनेक संगणक महिनोन्‌महिने हेच गणित करीत. त्यांत इंटेलच्या नव्या पेंटियमची भर पडली आणि जून १९९४ मध्ये आकडे जुळेनासे झाले.

इथे नाइसली यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी प्रथम स्वतःच्या आज्ञावलीवर संशय घेतला. मग कंपायलरवर. मग मदरबोर्डवर. एकेक संशयित निर्दोष ठरवत ते ऑक्टोबरमध्ये प्रोसेसरपाशी पोचले : ८२४६३३७०२४४१ या संख्येचा व्यस्त पेंटियमवर चुकीचा येत होता, जुन्या ४८६ वर बरोबर. दस्तऐवजाची सत्यता पारखणारा इतिहास-संशोधक याहून निराळे काही करीत नाही. त्यांनी इंटेलला कळवले. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ३० ऑक्टोबरला काही परिचितांना ईमेल पाठवून ‘तुमच्या यंत्रावर पाहा’ अशी विनंती केली. ती ईमेल इंटरनेटवरच्या चर्चागटांत पोचायला वेळ लागला नाही.

६/
नाइसलींची संख्या सामान्य माणसाच्या उपयोगाची नव्हती, कारण चूक फारच मागच्या दशांश स्थळी होती. टिम को या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याने लोकांनी नोंदवलेल्या मोजक्या चुकीच्या उत्तरांवरून पेंटियमच्या भागाकाराच्या आतल्या रीतीचा अंदाज बांधला, आणि त्या अंदाजावरून सर्वांत ढळढळीत चूक देणारी जोडी शोधून काढली. तीच ४१९५८३५ आणि ३१४५७२७. बरोबर उत्तर १.३३३८२०…, सदोष पेंटियमवर १.३३३७३९… . चौथ्या दशांश स्थळीच फरक.

दोषाचे मूळ असे : हा प्रोसेसर भागाकार करताना प्रत्येक पायरीवर पुढचा अंक एका तक्त्यात पाहून निवडत असे. आपण हाताने भाग घालताना पाढे आठवतो, तसेच काहीसे. त्या तक्त्यातल्या पाच महत्त्वाच्या जागी आकडाच नव्हता. पाढ्यातली एखादी ओळ विसरलेला विद्यार्थी बाकीची शंभर गणिते बरोबर सोडवतो. ही यंत्रेही तशीच. रोज सकाळी ती निर्धोकपणे ‘बीप’ वाजवून पोस्टमध्ये उत्तीर्ण होत होती.

७/
इंटेलला हा दोष नाइसलींच्या पत्राआधीच, १९९४ च्या मध्यात सापडलेला होता. कंपनीने त्याला किरकोळ मानले. सर्वसाधारण वापरात अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा होईल, असे तिचे गणित. ज्याला अचूकतेची गरज आहे असे सिद्ध करता येईल, त्याला चिप बदलून मिळेल, असे धोरण. म्हणजे सदोष मालाच्या खरेदीदारानेच आपण पुरेसे गणिती असल्याचा पुरावा द्यायचा! लोक खवळले ते यामुळे. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे संगणक पाठवणे थांबवले आणि नेहमीच्या वापरातही २४ दिवसांत एक चूक संभवते असा स्वतःचा हिशेब मांडला. (आयबीएम तेव्हा पॉवरपीसी या स्पर्धक प्रोसेसरच्या निर्मितीत भागीदार होती; तिच्या आकड्याकडेही डोळे झाकून पाहता येत नाही.) २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला, कारण न विचारता, चिप बदलून देण्याचे जाहीर केले. जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला.

२७,००० वर्षे आणि २४ दिवस या दोन दाव्यांतला खरा कोणता, हे सामान्य ग्राहकाला ठरवता येणे शक्य नव्हते. २५६ हा आकडा मात्र त्याच्या स्वतःच्या पडद्यावर होता, आणि तो वादातीत होता.

८/
यानंतर दोन वर्षांत यंत्राच्या आत डोकावण्याची खिडकी विंडोजमध्येच आली. विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून ‘परफॉर्मन्स मॉनिटर’ होता, पण तो व्यवस्थापकांसाठी. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये आलेला ‘टास्क मॅनेजर’ सर्वांसाठी होता. तो डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने घरी, फावल्या वेळात लिहायला घेतला आणि नंतर मूळ विंडोजमध्ये समाविष्ट केला. बाकी सारे गोठले तरी हा चालला पाहिजे, हे त्याचे ब्रीद. आधी उघडलेला टास्क मॅनेजरच प्रतिसाद देईनासा झाला, तर थोडी वाट पाहून नवा उघडण्याची सोयही प्लमर यांनी केलेली होती. २००१ च्या विंडोज एक्सपीने तो घरगुती संगणकांवर नेला.

त्यातला प्रोसेसरच्या वापराचा टक्का कसा निघतो, हे जाणून घेण्यासारखे आहे. यंत्र किती राबले हे थेट मोजण्याऐवजी ते किती वेळ रिकामे बसले हे मोजायचे आणि शंभरातून वजा करायचे. रिकाम्या वेळाची नोंद ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नावापुढे होते. त्या नावापुढे ९८ पाहून कोणीतरी आपला प्रोसेसर गिळंकृत करीत आहे अशी भीती अनेकांना वाटली. वस्तुतः ९८ टक्के वेळ यंत्र स्वस्थ बसलेले असे. पुढे लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी आपला वेग सतत कमी-जास्त करू लागले, तेव्हा नुसता वेळ मोजणे अपुरे पडले. मंदावलेल्या प्रोसेसरचे ५० टक्के आणि भरधाव प्रोसेसरचे ५० टक्के सारखे कसे? म्हणून विंडोज ८ पासून या टक्क्यात वेगाचाही हिशेब धरला जाऊ लागला. एकाच नावाचा आकडा दोन काळांत दोन अर्थांचा असतो. जुन्या कागदपत्रांतला ‘रुपया’ किंवा ‘बिघा’ वाचणाऱ्यांना ही अडचण परिचित आहे.

९/
मग आला २००६ सालचा स्टिकर.

विंडोज व्हिस्टा २००६ च्या नाताळापर्यंत दुकानांत पोचणार नाही, असे त्या वर्षी मार्चमध्ये स्पष्ट झाले. नवे विंडोज येणारच आहे तर जुने यंत्र आज कशाला घ्या, असे ग्राहकांनी म्हणू नये यासाठी विक्रीस असलेल्या संगणकांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असा स्टिकर लावण्याची मोहीम निघाली. अट माफक होती : ८०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि डायरेक्टएक्स ९ पेलणारे ग्राफिक्स. परंतु व्हिस्टाची ज्यासाठी जाहिरात होत होती त्या ‘एअरो’ या पारदर्शक खिडक्यांच्या रूपासाठी नव्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर आवश्यक होता. इंटेलच्या ९१५ या चिपसेटला तो मिळणार नव्हता, आणि अगणित लॅपटॉपांत नेमका तोच बसलेला. मायक्रोसॉफ्टने साध्या स्टिकरसाठी ही अट गाळली.

१०/
२००७ मध्ये सिॲटलच्या न्यायालयात ग्राहकांतर्फे दावा दाखल झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायाधीश मार्शा पेचमन यांनी त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. त्याच सुमारास कंपनीच्या अंतर्गत ईमेल उघड झाल्या, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने हा सारा खटला त्या ईमेलमुळेच मोलाचा आहे. विंडोजच्या विपणनाची धुरा वाहणारे उपाध्यक्ष माइक नॅश यांनी स्वतः सोनीचा लॅपटॉप घेतला होता. त्यात ९१५ निघाला, आणि २,१०० डॉलर मोजून आपल्याकडे केवळ ईमेल पाहण्याचे यंत्र उरले, अशा आशयाची तक्रार त्यांनी सहकाऱ्यांकडे केली. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ईमेलमध्ये इंटेलला तिमाहीचे उत्पन्न गाठता यावे म्हणून अट शिथिल केल्याचा उल्लेख आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये सामूहिक दाव्याचा दर्जा काढून घेण्यात आला, कारण स्टिकरमुळे किमती फुगल्या हे सर्व ग्राहकांच्या बाबतीत एकत्रितपणे सिद्ध करता आले नाही. दावा विरला. कागद राहिले.

११/
या प्रकरणातला उपरोध असा, की पेटीच्या बाहेर हा स्टिकर असताना त्याच व्हिस्टाच्या आत एक विलक्षण प्रामाणिक साधन होते. ‘विनसॅट’ नावाचा तपासनीस प्रोसेसर, रॅम, दोन प्रकारचे ग्राफिक्स आणि हार्ड डिस्क अशा पाच अंगांना प्रत्यक्ष कामाला लावून गुण देई. एकूण गुण काढताना पाचांची सरासरी घेतली जात नसे. जे अंग सर्वांत दुबळे, त्याचे गुण तेच यंत्राचे गुण. सरासरी घेतली असती तर भक्कम प्रोसेसरने रडतखडत चालणारे ग्राफिक्स झाकले असते. विक्रेत्यांना ते नक्कीच अधिक रुचले असते. ‘विंडोज एक्सपीरियन्स इंडेक्स’ या नावाने हा आकडा नियंत्रण पटलात झळके आणि काही खेळांच्या खोक्यांवरही अपेक्षित गुण म्हणून छापला जाई.

व्हिस्टात कमाल गुण ५.९, विंडोज ७ मध्ये ७.९, विंडोज ८ मध्ये ९.९. ही टक्केवारी नव्हे. यंत्रे सुधारतील तशी वर सरकणारी पट्टी होती. विंडोज ७ मध्ये फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला ५.९ च्या वर गुण मिळतच नसत. महागडा प्रोसेसर आणि ढीगभर रॅम घेणाऱ्यालाही एकूण गुण ५.९ च दिसत आणि खालच्या रकान्यात दोषीचे नाव असे. एसएसडी का घ्यावी, याचे याहून थेट स्पष्टीकरण कोणत्याही जाहिरातीने क्वचितच दिले असेल.

ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये हा आकडा पडद्यावरून नाहीसा झाला. विनसॅट मात्र मागे राहिला. विंडोज १० वर व्यवस्थापकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘विनसॅट फॉर्मल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली, तर तो मुकाट्याने सारी परीक्षा घेतो आणि निकाल विंडोजच्याच एका फोल्डरात फाइल करून ठेवतो. गुणपत्रिका आहे, फक्त फलकावर लावत नाहीत.

१२/
स्वतःविषयी बोलणाऱ्या यंत्रावर किती विसंबावे, याचाही पुरावा उपलब्ध आहे. १९९० च्या दशकापासून हार्ड डिस्क ‘स्मार्ट’ या प्रमाणकानुसार आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवतात. २००७ मध्ये गूगलच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी सर्वांत विश्वसनीय चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलेले नव्हते. तापमान वगळता उरलेली सारी लक्षणे धरली, तरी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्का शेवटपर्यंत निरोगीच दिसत होत्या. डिस्कने धोक्याची सूचना दिली तर ती गंभीरपणे घ्यावी. तिचे मौन म्हणजे अभय नव्हे.

१३/
बॅटरीचे प्रकरण सर्वांत अलीकडचे, आणि त्यात २५६ ची आठवण करून देणारा प्रसंग पुन्हा घडला. डिसेंबर २०१७ मध्ये जॉन पूल यांनी असंख्य आयफोनांचे वेगमापन एकत्र करून आलेख प्रसिद्ध केला : जुन्या फोनांचे वेग ठरावीक पायऱ्यांवर घसरलेले होते. दोन दिवसांत ॲपलने मान्य केले, की जीर्ण बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग मुद्दाम उतरवला जातो. बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ वरून २९ डॉलर झाला आणि मार्च २०१८ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारा पडदा आयफोनमध्ये आला. पूल यांचे मापन बाहेरच्या प्रोग्रामचे होते. त्यातून जन्मलेले साधन अंगभूत झाले.

विंडोज लॅपटॉपांवर अशी सोय विंडोज ८ पासून आहे, पण आडबाजूला. ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत जोडून लिहिले, की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे एकाखाली एक असतात : कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० मिलिवॉट-तास असेल, तर बॅटरीचा दोन-पंचमांश भाग संपलेला आहे, मग विक्रेता काहीही सांगो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र जुना लॅपटॉप हाताळणाऱ्याला ही तपासणी काउंटरवर उभ्याउभ्या करता येते. जवळच्याच रकान्यात बॅटरी किती वेळा चार्ज होऊन उतरली त्याची संख्या अपेक्षित असते. अनेक लॅपटॉपांत बॅटरी तो आकडा विंडोजला पुरवतच नाही, आणि तिथे नुसती एक आडवी रेघ दिसते.